अल्कोहोलमधलं पाणी काढायचं कसं?

मार्च-एप्रिलमध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या काजूच्या भट्ट्या पेटल्या की पहिल्या खेपेला हुर्राक ही सौम्य दारू उतरते. त्यात ताजा निरो, म्हणजे काजूच्या बोंडांचा रस, मिसळून भाण (उकळायचं मडकं) पुन्हा चुलीवर चढवलं की फेणी. फेणीत अल्कोहोल साधारण ४२-४३ टक्के, बाकी जवळजवळ सगळं पाणी. मग असंच पुन्हा पुन्हा उकळत राहिलं तर निव्वळ इथेनॉल, म्हणजे दारूतलं अल्कोहोल, हाती लागेल का? नाही लागत. वजनाने ९५.६ टक्क्यांवर गाडी अडते. तिथे मिश्रण ७८.२ अंश सेल्सियसला उकळतं आणि वाफेतही दोघांचं प्रमाण द्रवाइतकंच असतं. मग उकळून वेगळं काय होणार?

हे उरलेलं पाणी पेट्रोलला चालत नाही. पंपावर आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. त्यात पाणी मर्यादेबाहेर गेलं तर इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्यासोबत टाकीच्या तळाशी बसतं. पूर्वी हे पाणी काढायला कळीचा चुना वापरत. पुढे कारखान्यांत बेंझीन आलं, पण ते कर्करोगाला कारण ठरतं. आता हे काम ‘३ए’ झिओलाइट या सच्छिद्र खनिजाचे मणी करतात. त्यांची छिद्रं सुमारे ३ अँगस्ट्रॉमची (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग), पाण्याचा रेणू २.८ चा, इथेनॉलचा ४.४ चा. पाणी आत शिरून अडकतं, इथेनॉल पुढे निघून जातं. मण्यांची एक टाकी पाण्याने भरली की दाब उतरवून तिच्यातलं पाणी काढतात. तोवर दुसरी कामाला लागलेली असते.

हे झालं मिसळलेलं पाणी. मला खरी भुरळ पडते ती इथेनॉलच्या रेणूतूनच पाणी काढण्याची. एका कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) आणि शेजारच्या कार्बनवरचा एक हायड्रोजन निघाला की उरतं इथिलीन, म्हणजे पॉलिथिनचा कच्चा माल. ४६ किलो इथेनॉलमधून फार तर २८ किलो इथिलीन मिळतं, १८ किलो पाणी होतं.

कॉलेजच्या प्रयोगशाळेतही हे दिसतं. परीक्षानळीच्या तळाशी इथेनॉलमध्ये भिजवलेला खनिज लोकरीचा बोळा, मध्ये अ‍ॅल्युमिनाची (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची) पांढरी पूड. पूड चांगली तापवली की इथेनॉलची वाफ तिच्यावरून जाते आणि पाण्याखाली उपड्या धरलेल्या नळीत बुडबुडे जमू लागतात. त्या वायूत ब्रोमीनचं पाणी घालून हलवलं की तांबूस-पिवळा रंग उडतो, ही इथिलीनची खूण. पूड मात्र खर्ची पडत नाही, ती फक्त उत्प्रेरक असते.

हायड्रॉक्सिल गट आपणहून सहज सुटत नाही. अ‍ॅल्युमिनाच्या पृष्ठभागावरचे अ‍ॅल्युमिनियमचे अणू इलेक्ट्रॉनांसाठी आसुसलेले असतात. ते इथेनॉलमधला ऑक्सिजन धरतात आणि त्याचा कार्बनशी असलेला बंध सैल पडतो. संहत गंधकाम्लही १७० अंशांच्या आसपास हेच काम करतं, पण ते लोखंड खातं आणि माल काळा करतं. अ‍ॅल्युमिनाला ३०० ते ४५० अंश लागतात. तापमान कमी पडलं तर दोन रेणू मिळून पाण्याचा एकच रेणू सोडतात आणि ईथर तयार होतं. म्हणजे उत्प्रेरक तोच, इथेनॉलही तेच. काय मिळणार ते तापमान ठरवतं.

शिवाय ही अभिक्रिया उष्णता शोषते, त्यामुळे उत्प्रेरकाचा थर थंड पडत जातो. म्हणून इथेनॉलबरोबर पाण्याची गरम वाफही सोडतात. तीच वाफ दाण्यांवर कोळसा साचणंही कमी करते. त्यामुळे इथिलीनसाठी इथेनॉल आधी पूर्ण कोरडं करण्याचा खर्चच वाचतो!

ब्राझीलमध्ये त्रिउन्फो इथे २०१० पासून उसाच्या इथेनॉलपासून इथिलीन आणि त्यापासून पॉलिथिन बनतं. उत्तराखंडात काशीपूरलाही इथेनॉलपासून रसायनं होतात. उसाचं असलं तरी ते पॉलिथिन मातीत कुजत नाही, हे कळंगुटच्या किनाऱ्यावर पिशव्या पाहणाऱ्या आपण तरी विसरू नये.

एचझेडएसएम-५ हा झिओलाइट हेच काम २००-३०० अंशांत करतो, म्हणजे इंधन वाचतं. पण त्याची आम्लता जास्त असल्याने इथिलीनचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन छिद्रांत कोळसा बसतो आणि तो लवकर थकतो. फॉस्फरस किंवा लँथेनम मिसळून ही आम्लता थोडी उतरवता येते, आणि सध्याचं बरंचसं संशोधन तिथेच चाललं आहे.