‘मेट्रोनॉमिक’ केमोथेरपी: गाठीच्या रक्तवाहिन्या, टी-पेशी आणि एका शब्दाची पार्श्वभूमी

केमो म्हणजे रुग्णाला सोसेल तेवढा मोठा डोस आणि मग तीन आठवडे उसंत, हा शिरस्ता अनेक दशकांचा. उसंत द्यायची ती मुख्यतः अस्थिमज्जा सावरावी म्हणून. पण त्याच काळात गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांचं अस्तरही स्वतःची डागडुजी करून घेतं. गाठ नव्या रक्तवाहिन्यांच्या जिवावर वाढते, ही मांडणी १९७१ची. तिचा केमोच्या वेळापत्रकाशी सांधा जुळायला २००० साल उजाडलं.

त्या वर्षी उंदरांवरचे दोन प्रयोग प्रसिद्ध झाले. एकात सायक्लोफॉस्फामाइडला दाद न देणाऱ्या गाठीही होत्या. तेच औषध मोठी सुट्टी न ठेवता दर सहा दिवसांनी दिलं, तेव्हा आधी मेल्या त्या वाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी, गाठीच्या पेशी नंतर.

मोठी सुट्टी न ठेवता थोडं-थोडं औषध सतत देत राहण्याच्या या पद्धतीसाठी त्याच वर्षी ‘मेट्रोनॉमिक’ हा शब्द आला आणि त्याबरोबर गोंधळ. मेट्रोनोम म्हणजे ठरावीक लयीत टकटक करणारं, वादकांच्या सरावाचं यंत्र. शब्दात लय तेवढी आहे. डोस किती, नेम कशावर, हे त्यात कुठेच नाही. कोणी रोजच्या गोळीला मेट्रोनॉमिक म्हणतं, कोणी आठवड्याच्या. पुढे दिसलं की कमी डोसातलं सायक्लोफॉस्फामाइड नियामक टी-पेशी (प्रतिकारयंत्रणेला आवर घालणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) घटवतं, म्हणजे प्रतिकारयंत्रणेचा ब्रेक सैल करतं. मग गुण आला तो वाहिन्यांमुळे की टी-पेशींमुळे? हा एकच शब्द दोन्ही उत्तरांवर पांघरूण घालतो. घरात तर हा गोंधळ जिवावर बेतू शकतो. अशा उपचारातलं मेथोट्रेक्सेट हे केमोचं औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं. चुकून रोज घेतलं तर तोंड सोलून निघतं, रक्तपेशी कोसळतात. म्हणून कॅलेंडरवर दर सोमवारी लाल गोल करून ठेवणारी मुलगी किंवा सून हा या उपचाराचाच भाग आहे.

डोकं-मानेच्या कर्करोगावरची मुंबईतली चाचणी २०२०मध्ये प्रसिद्ध झाली. ४२२ रुग्ण. एका गटाला आठवड्याला मेथोट्रेक्सेट आणि दिवसातून दोनदा सेलेकॉक्सिब हे वेदनाशामक (ते प्रोस्टाग्लँडिन ई२ कमी करतं, हा रेणू वाहिन्या वाढवतो आणि गाठीवर हल्ला करणाऱ्या टी-पेशी दाबतो), दुसऱ्याला शिरेतून सिस्प्लॅटिन हे नेहमीचं केमो. उपचारानंतर जगण्याचा मध्यक काळ पहिल्या गटात ७.५ महिने, दुसऱ्यात ६.१. आक्षेप आला की तुलना एकट्या सिस्प्लॅटिनशी का, श्रीमंत देशांतल्या महागड्या जोडउपचारांशी का नाही. मला तो आक्षेप पटत नाही. आपल्याकडच्या बहुतेक रुग्णांना ते उपचार परवडतच नव्हते. तुलना त्यांना खरोखर मिळणाऱ्या औषधाशीच व्हायला हवी होती.

२०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या, याच कर्करोगावरच्या चाचणीत मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब (गाठीच्या वाढीचा संदेश अडवणारी गोळी) या तिकडीला दर तीन आठवड्यांनी अवघ्या २० मिलिग्रॅम निवोलुमॅबची, म्हणजे टी-पेशींवरचा ब्रेक काढणाऱ्या औषधाची जोड दिली गेली. एरवीचा डोस २४० मिलिग्रॅम, तोही दर दोन आठवड्यांनी. नुसत्या तिकडीवर वर्षभर जगलेले १६.३ टक्के होते, जोड दिलेल्या गटात ४३.४ टक्के. यात वाहिन्यांच्या अस्तराचा वाटा किती, हे मोजणारी सर्वमान्य रक्तचाचणी अजून नाही.