आकडा बाहेर येण्याआधीचे ४५ दिवस

अकाउंट्सच्या प्राध्यापकाचं शेअर बाजारातल्या विश्लेषकांशी काय काम, हा प्रश्न नागपुरात वाणिज्य शाखेच्या स्टाफरूममध्येही विचारला जातो. त्याने लेखापरीक्षण, कॉस्टिंग, करआकारणी शिकवावी आणि बाजार फायनान्सवाल्यांवर सोडावा, अशी वाटणी आपल्याकडे फार पूर्वीपासून पक्की आहे. जगात मात्र लेखांकनाच्या संशोधनाचा मोठा वाटा गेली साठेक वर्षं याच विषयाने व्यापला आहे. विश्लेषकाने वर्तवलेला नफा, कंपनीने जाहीर केलेला नफा आणि त्या दोहोंच्या आधी-नंतर हललेला भाव, या तिन्हींचा संबंध शोधणं हे अकाउंट्सचंच काम आहे. कारण मधला आकडा अकाउंट्स विभागातच तयार होतो.

तिमाही संपली की कंपनीला निकाल, म्हणजे नफा-तोट्याचे आकडे, जाहीर करायला ४५ दिवसांची मुदत असते, वर्षाच्या निकालाला ६० दिवसांची. या काळात आकडा आधी हिशेब विभागात, मग लेखापरीक्षकांकडे, मग ऑडिट कमिटीत आणि शेवटी संचालक मंडळापुढे जातो. प्रत्येक टप्प्यावर तो माहीत असणारी माणसं वाढत जातात. बाहेर विश्लेषक त्याच आकड्याचा अंदाज बांधत असतात. त्यांचा अंदाज कुठे संपतो आणि फुटलेली खबर कुठे सुरू होते, यावर आजही वाद आहे. भारतात तो अपिलापर्यंत गेला.

या संशोधनाचा आरंभ १९६८चा धरतात. शिकागोत शिकलेल्या दोन ऑस्ट्रेलियन संशोधकांनी अमेरिकेतल्या २६१ कंपन्यांचे वार्षिक नफे आणि शेअरचे भाव शेजारी ठेवले. नफ्याच्या आकड्यात बाजाराला उपयोगी पडणारी माहिती असते हे तर दिसलंच, पण त्यातला ८५ ते ९० टक्के भाग अहवाल येण्याआधीच भावात उतरलेला होता. त्याच वर्षी दुसऱ्या एका अभ्यासात निकालाच्या आठवड्यात उलाढाल वाढते असं आढळलं, म्हणजे उरलेला भागही पोकळ नव्हता. पुढे आणखी एक गोष्ट पुढे आली, आणि ती आजपर्यंत कुणाला पुरती उलगडलेली नाही: चांगल्या निकालानंतर भाव काही आठवडे त्याच दिशेने सरकत राहतो. त्याआधी, १९३३मध्ये, बाजाराचं भाकीत करणाऱ्या व्यावसायिकांची कामगिरी एका अमेरिकी अभ्यासाने तपासली होती. निष्कर्ष भाकीतकारांना सुखावणारा नव्हता.

विश्लेषक स्वतः अभ्यासाचा विषय झाले ते सत्तरच्या दशकात. जुन्या आकड्यांची नुसती रेघ पुढे ओढण्यापेक्षा त्यांचे अंदाज अचूक ठरतात, हे १९७८मध्ये दाखवलं गेलं. नंतरची वीस वर्षं त्यांच्या आशावादावर गेली. अंदाज जरुरीपेक्षा वरचे का असतात? त्यावर १९९७मध्ये एक मार्मिक उत्तर आलं: वाईट वाटणाऱ्या कंपनीबद्दल विश्लेषक वाईट लिहीत नाही, तो लिहिणंच बंद करतो. त्यामुळे उपलब्ध अंदाजांची सरासरी आपोआप गोड होते. १९९९मध्ये आणखी एक बाजू समोर आली. कंपनीचा शेअर बाजारात आणणाऱ्या बँकेच्याच विश्लेषकाने दिलेला खरेदीचा सल्ला इतरांच्या सल्ल्यापेक्षा कमकुवत निघतो. डॉटकॉमचा फुगा फुटल्यावर अमेरिकेत ऑक्टोबर २०००पासून निवडक विश्लेषकांनाच माहिती देण्यावर बंदी आली, आणि २००३मध्ये दहा बड्या पेढ्यांनी सुमारे १.४ अब्ज डॉलर भरून प्रकरण मिटवलं.

भारतात हे सगळं उशिरा आणि भराभर आलं. तिमाही निकाल सक्तीचे झाले ते १९९०च्या दशकाच्या शेवटी. विश्लेषकांसाठी स्वतंत्र विनियम आले २०१४मध्ये, आणि त्याच वर्षीच्या १ डिसेंबरपासून लागू झाले. नोंदणी, स्वतःकडच्या शेअरचा खुलासा, अहवालाच्या ३० दिवस आधीपासून ५ दिवस नंतरपर्यंत त्या शेअरमध्ये व्यवहार बंद, अशा तरतुदी त्यात आहेत. विश्लेषकाच्या हितसंबंधांवर त्यांनी बोट ठेवलं. पण त्याच्याकडे येणारी माहिती कुठून येते, हा प्रश्न आतल्या माहितीच्या व्यापारावरच्या २०१५च्या विनियमांवर सोडला.

सच्चा अंदाज किती जवळ जाऊ शकतो, याचं उदाहरण नागपुरातच आहे. काटोल रोडवर मुख्यालय असलेली मँगनीजची सरकारी कंपनी डिसेंबर २०१०मध्ये बाजारात आली. ती महिन्याचं उत्पादन आणि विक्री एक्स्चेंजला कळवते, आणि खनिजाच्या वेगवेगळ्या प्रतींचे दर बदलले की तेही जाहीर करते. बालाघाट, भंडारा, नागपूर पट्ट्यातल्या खाणींचं काम ज्याला ठाऊक आहे, त्याला तीन महिन्यांची विक्री आणि दर यांचा गुणाकार कागदावर मांडता येतो. तिमाहीच्या विक्रीचा आकडा निकालाआधी बराचसा हाती येतो, आणि त्यात गैर काहीच नाही. निव्वळ नफ्याचं तसं नाही. कोणत्या प्रतीचा माल किती गेला, वेतनकरारासाठी बाजूला काढायच्या रकमेची तरतूद याच तिमाहीत केली की पुढे ढकलली, बुडीत येणी किती धरली, करात काय बसवलं, हे बाहेरून कळत नाही. म्हणून एखाद्याचा विक्रीचा अंदाज जुळला तर ते कौशल्य समजावं. निव्वळ नफा दशांशापर्यंत जुळला तर मात्र विचारणा व्हायला हवी. पुढचं प्रकरण समजून घेताना हा फरक हाताशी ठेवावा, कारण त्या प्रकरणात नेमका तोच बाजूला पडला.

नोव्हेंबर २०१७मध्ये एका वृत्तसंस्थेने बातमी दिली की बड्या कंपन्यांचे तिमाही आकडे जाहीर होण्याआधीच व्हॉट्सॲपच्या खासगी ग्रुपमध्ये फिरत होते. शेअर बाजाराच्या नियामकाने, म्हणजे सेबीने, झडती घेतली, फोन आणि इतर उपकरणं ताब्यात घेतली, काही कंपन्यांना आतल्या आत चौकशी करायला सांगितलं. मेसेज पाठवणाऱ्यांत दलाली पेढ्यांशी आणि संशोधनाशी संबंधित माणसं होती. २०२०मध्ये त्यातल्या काहींवर दंडाचे आदेश निघाले. आदेशांचा युक्तिवाद सरळ होता: मेसेजमधला आकडा आणि नंतर जाहीर झालेला आकडा जुळतो, म्हणजे तो आतून आला, म्हणजे ती भाव हलवू शकणारी अप्रकाशित संवेदनशील माहिती, आणि ती पुढे पाठवणं हा गुन्हा.

मार्च २०२१मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने हे आदेश रद्द केले. बाजारात ऐकीव आकडे सदोदित फिरत असतात. जप्त केलेल्या उपकरणांत असंख्य मेसेज होते, त्यातले बरेच जाहीर आकड्यांशी जुळतच नव्हते, आणि जुळणारे तेवढेच उचलले गेले. दलाली पेढ्यांचे प्रसिद्ध झालेले अंदाजही काही ठिकाणी तितकेच जवळ होते. माहिती कंपनीतून निघाली हा दुवा नियामकाला दाखवता आला नाही, आणि मेसेज मिळालेल्याला ही आतली माहिती आहे याची जाणीव होती हेही सिद्ध झालं नाही. ती जाणीव असल्याशिवाय माहितीला ते नाव देता येत नाही, असं न्यायाधिकरणाचं म्हणणं होतं.

कायद्याच्या चौकटीत हा निकाल चुकीचा म्हणता येणार नाही. संशयाच्या बळावर माणसाला दंड होऊ नये, आणि जुळलेले मेसेज वेचून काढण्याची पद्धत सदोष होती हेही खरं. लेखांकनाच्या संशोधकाला याच चुकीपासून सावध राहायला पहिल्या वर्षी शिकवतात. पण निकालाचा जो अर्थ बाजारात घेतला गेला, की मूळ सापडलं नाही म्हणजे फुटलंच नाही, तो त्यातून निघत नाही. न्यायाधिकरणाने जो आक्षेप घेतला त्याचं उत्तर मोजून देता आलं असतं. शेकडो मेसेज आणि प्रत्येकात तीन-चार आकडे असतील, तर काही योगायोगानेही जुळणारच. योगायोगाने किती जुळले असते, हे आधी काढायला हवं. त्यासाठी जुळलेले आणि न जुळलेले, दोन्ही मेसेज एकत्र ठेवायचे. त्याच कंपन्यांच्या त्याच तिमाहीत प्रसिद्ध अंदाजांची चूक साधारण किती होती ते पाहायचं, आणि मेसेजमधल्या आकड्यांची चूक तिच्यापेक्षा लक्षणीय कमी आहे का ते तपासायचं. सगळ्यांत बोलकी कसोटी आणखी वेगळी आहे. जिथे सगळ्या पेढ्यांचा सरासरी अंदाज साफ चुकला, त्या कंपन्यांत मेसेज कुठे पडला? सरासरीच्या बाजूला, की खऱ्या आकड्याच्या? सरासरीच्या बाजूला पडला तर ती बाजारातली कुजबुज होती. खऱ्या आकड्याच्या बाजूला, आणि तेही विक्रीत नव्हे तर निव्वळ नफ्यात, पुन्हा पुन्हा पडत असेल, तर योगायोग हे उत्तर टिकत नाही. अशी मोजणी पुराव्याचा केंद्रबिंदू झाली असती तर प्रकरण वेगळ्या पायावर उभं राहिलं असतं. विश्लेषकांच्या अंदाजांची चूक मोजण्याचा चाळीस वर्षांचा अनुभव लेखांकनाच्या संशोधनाकडे आहे, आणि माझ्या मते या प्रकरणात त्याची गरज सगळ्यांत जास्त होती.

२०१७ची बातमी आणि न्यायाधिकरणाचा निकाल यांच्या मधल्या काळात नियम बदलले होते. १ एप्रिल २०१९पासून तिमाही संपल्यापासून निकालानंतर ४८ तासांपर्यंत आतल्या माणसांना कंपनीच्या शेअरमध्ये व्यवहार बंद झाला. संवेदनशील माहिती कुणाला, केव्हा दिली याची डिजिटल नोंद ठेवणंही तेव्हापासून सक्तीचं झालं. जून २०२४पासून सर्वांत मोठ्या १०० कंपन्यांना, आणि डिसेंबर २०२४पासून २५० कंपन्यांना, माध्यमांतल्या अफवांवर खुलासा करावा लागतो. व्हॉट्सॲपच्या बंद ग्रुपपर्यंत ही शेवटची तरतूद पोहोचत नाही.

संशोधकाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा बदल वेगळाच आहे. निकालानंतरच्या कॉन्फरन्स कॉलचं ध्वनिमुद्रण आणि शब्दशः प्रतिलेख प्रसिद्ध करणं १ एप्रिल २०२२पासून बंधनकारक झालं. ध्वनिमुद्रण २४ तासांत किंवा पुढचं सत्र सुरू होण्याआधी, यांतलं जे आधी असेल तेव्हा, आणि प्रतिलेख पाच कामकाजी दिवसांत. त्याआधी अशा कॉलवर काय बोललं गेलं हे धरमपेठेत बसलेल्या गुंतवणूकदाराला दुसऱ्याच्या टिपणांतून कळायचं. आता संचालक आणि विश्लेषक यांच्यातला संवाद वाचता येतो. पहिलं वाक्य बहुतेक वेळा ‘कंग्रॅच्युलेशन्स ऑन अ गुड सेट ऑफ नंबर्स’ हेच असतं, मग आकडे बरे असोत वा बेताचे. नंतर मार्जिन, कॅपेक्स म्हणजे भांडवली खर्च, आणि पुढच्या वर्षाचं गायडन्स, म्हणजे कंपनीने स्वतः दिलेला अंदाज. शेवटी कुणीतरी बुककीपिंगचा एक प्रश्न म्हणून तरतुदीबद्दल हळूच विचारतो, आणि अकाउंट्सच्या माणसाने कान टवकारावेत असं बरंचसं तिथेच असतं. अमरावती रोडकडच्या स्फोटकांच्या कंपनीचे प्रतिलेख ओळीने वाचले, तर अमोनियम नायट्रेटचा भाव पडल्यावर विक्रीची रक्कम घटूनही टनांत विक्री वाढू शकते, हे विश्लेषकांनी किती बारकाईने वेगळं काढलं ते दिसतं. प्रश्न कोणत्या पेढीकडून आला, उत्तर टाळलं गेलं का, आणि त्यानंतर अंदाज किती बदलले, हे विदर्भातल्या एखाद्या महाविद्यालयात बसूनही तपासता येतं. महागड्या डेटाबेससाठी अडून राहण्याचं कारण त्यापुरतं तरी उरलेलं नाही.

डिसेंबर २०२४च्या दुरुस्तीने विश्लेषक होण्याची पात्रता पदवीपर्यंत सैल केली आणि आर्थिक निकषाच्या जागी ठेव आणली. वैयक्तिक ग्राहकाकडून घ्यायच्या शुल्काला कुटुंबामागे वर्षाला १,५१,००० रुपयांची मर्यादा ठरली, आणि कृत्रिम बुद्धिमत्ता वापरली तर ते सांगणं सक्तीचं झालं. सीताबर्डी-धरमपेठ भागात शेअर बाजाराचे क्लास चालवणाऱ्यांवर अधिक परिणाम झाला तो जानेवारी २०२५च्या परिपत्रकाचा. फक्त शिकवतो असं म्हणणाऱ्याने मागच्या तीन महिन्यांतले भाव वापरून एखाद्या शेअरबद्दल बोलू नये, असं त्यात आहे. सल्ला आणि शिक्षण यांच्यातली रेघ तारखेवर आखण्याचा हा प्रयत्न आहे, आणि तोही वादातीत नाही.

२०१७च्या प्रकरणातले जुळलेले मेसेज दंडाच्या आदेशांत छापले गेले, ते कुणालाही वाचता येतात. न जुळलेले मेसेज संशोधकांना खुले झालेले नाहीत, आणि वरची मोजणी त्यांच्याशिवाय करता येत नाही.