केळीतला बिबट्या कुणी सोडला?

जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलकडे केळीत बिबट्या दिसला की पारावर ठरलेलं वाक्य येतं: "वनखात्यानं रात्री गाडी भरून आणून सोडले." तसं नाही. सातपुडा शेजारीच आहे. केळीच्या बागेत दिवसभर दडायला गर्द सावली, ठिबकचा गारवा आणि शिवारभर कुत्री, डुकरं, शेळ्या. बिबट्याला आणखी काय हवं? उसात तर मादी पिल्लंही घालते.

अफवेला थोडा आधार मात्र आहे. पिंजऱ्यात धरलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडले जातात. जुन्नर भागात २००१ नंतर असे बरेच बिबटे हलवले गेले, आणि माणसांवरचे हल्ले घटायचे सोडून वाढले. म्हणजे "पिंजरा लावा, लांब नेऊन सोडा" म्हणून आपणच ओरडतो, तेव्हा ती गाडी खरोखरच भरते आणि दुसऱ्या कुणाच्या तरी शिवाराजवळ रिकामी होते.