जांभळ्या दिव्याची साक्ष

बर्लिनच्या रविवारच्या जुन्या बाजारात मी हेल्मेटची एक खोळ हातात घेऊन उभी होते. पूर्व जर्मन सैन्याची. राखाडी-हिरवट कापडावर पावसाच्या सरींसारख्या बारीक तपकिरी रेघा. १९६५ च्या सुमारास ही नक्षी आली आणि सैनिकांनी तिचं नाव ठेवलं ‘आइन श्ट्रिख, काइन श्ट्रिख’, म्हणजे एक रेघ आहे, एक रेघ नाही. शेजारच्या गिऱ्हाइकाने खिशातून जांभळा टॉर्च काढून खोळीवर मारला. कापड निळसर पांढरं लखलखलं. ‘नकली!’ असा निकाल देऊन तो पुढे गेला, आणि विक्रेत्याचं तोंड एवढंसं झालं.

जर्मन लष्करी वस्तू जमवणाऱ्या मंडळींत या टॉर्चचा हल्ली ताईत झाला आहे. मूळ कल्पना खोटी नाही. टॉर्चमधून अतिनील किरण येतात. काही रेणू ते शोषून निळा प्रकाश बाहेर टाकतात. पाउल क्राइस या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९२९ मध्ये हॉर्स चेस्टनट झाडाच्या सालीतल्या अशाच एका द्रव्याने कापड जास्त पांढरं दिसतं हे दाखवलं. पुढे असे कृत्रिम रेणू बनले आणि युद्धानंतर ते धुण्याच्या पावडरीत सर्रास आले. आपली नीळ पिवळेपणा नुसता झाकते. हे रेणू स्वतःच उजेड पाडतात. त्यामुळे १९४५ पूर्वीची म्हणून विकली जाणारी खोळ लखलखली तर शंका घ्यायला जागा आहे.

पण ही खोळ युद्धानंतरचीच! बराकीत, किंवा नंतर कुणाच्या घरी, ती पावडरीत धुतली गेली असणारच. तिचं लखलखणं बहुधा एवढंच सांगतं की ती कधीतरी धुतली गेली. बघायचंच असेल तर शिवणीचा दोरा बघावा. धुण्याच्या पावडरीतले हे रेणू सुताला घट्ट चिकटतात, पॉलिएस्टरला जवळजवळ नाहीच. सुती कापड उजळलं आणि पॉलिएस्टरचा दोरा काळाच राहिला, तर तो प्रताप पावडरीचा. दोराही उजळला, तर ते द्रव्य बहुधा कारखान्यातच पडलेलं.

आता खोळीखालच्या हेल्मेटबद्दल. पश्चिम जर्मनीचं सैन्य १९५५ मध्ये उभं राहिलं आणि त्याने अमेरिकी एम-१ सारखं भांड्याच्या आकाराचं हेल्मेट घेतलं. पूर्वेकडचं १९५६ चं हेल्मेट उतरत्या कडांचं, बघताक्षणी रशियन वाटणारं. प्रत्यक्षात त्याचा आराखडा युद्धकाळातल्या जर्मन प्रयोगांतूनच आला होता. नाझी काळातला ओळखीचा आकार दोघांनाही नको होता. गंमत म्हणजे अमेरिकनांनी ऐंशीच्या दशकात कान झाकणारं नवं हेल्मेट आणलं, तर त्यांच्याच सैनिकांनी त्याला ‘फ्रिट्झ’, म्हणजे जर्मन सैनिकाच्या टोपणनावाने, हाक मारायला सुरुवात केली. १९९२ मध्ये जर्मनीनेही त्याच धर्तीचं, ॲरामिड या मजबूत कृत्रिम धाग्यांचं हेल्मेट घेतलं. त्यावरची खोळ ‘फ्लेकटार्न’ नक्षीची: पाच रंगांचे ठिपके, जवळून गोंधळ, लांबून झाडीची सावली. सत्तरच्या दशकात चाचण्या झालेली ही नक्षी १९९० च्या आसपास सगळीकडे दिसू लागली.

आणि इथे माझ्या आवडीचा विषय येतो, कारण फ्लेकटार्नची खरी करामत डोळ्यांना दिसतच नाही.

सोसायटीच्या सीसीटीव्हीचं रात्रीचं चित्रण आठवा. काळा शर्ट घातलेला माणूस त्यात बऱ्याचदा पांढऱ्या कपड्यात दिसतो. हा भुताटकीचा प्रकार नाही. कॅमेऱ्याभोवतीचे दिवे साधारण ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश टाकतात, आणि आपली नजर ७०० च्या आसपासच संपते. १२४० ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागलं की प्रकाशकणाची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मिळते. ८५० ला ती १.४६ येते. रंगाच्या रेणूतल्या इलेक्ट्रॉनला वरच्या पायरीवर चढायला ठरावीक ऊर्जा लागते. जीन्सच्या निळीला साधारण २. मग १.४६ वाला कण तिला उचलू शकत नाही. तो रंगातून आरपार जातो, खालच्या सुतावर आपटतो आणि परत फिरतो. कॅमेऱ्याला जीन्स फिकट दिसते.

झाडाचं पानही असंच. हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश खातं, पण ७०० च्या पुढे त्याची भूक मरते. पानाच्या आतल्या पेशी आणि हवेच्या पोकळ्या यांच्या सीमांवर आपटत आपटत जवळपास निम्मा अवरक्त प्रकाश बाहेर पडतो. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९१० मध्ये काढलेल्या अवरक्त छायाचित्रांत झाडं बर्फ पडल्यासारखी पांढरी आहेत. १९८८ चा आपला आयआरएस-१ए उपग्रह पिकं ओळखायचा तो याच प्रकाशावर.

युद्धानंतर रणगाड्यांवर अवरक्त झोतदिवे बसले आणि शिंप्याची अडचण झाली. साध्या रंगांचं चट्टेरीपट्टेरी कापड त्या झोतात सपाट पांढरं दिसणार. ठिपके गायब, माणूस उघडा. म्हणून असे रंग निवडावे लागतात, ज्यांचे रेणू मोठे असतात, एकाला एक जोडलेल्या कड्यांचे. साखळी जितकी लांब तितकी ती पायरी बुटकी, मग कमी ऊर्जेचा कणही शोषला जातो. काळ्या ठिपक्यांत काजळी मिसळता येते. काजळीला जवळजवळ पायरीच नाही, ती सगळंच गिळते. प्रमाण असं जुळवायचं की फिकट हिरवा पानाइतका उजळावा आणि काळा सावलीइतका अंधारा राहावा. जर्मन सैन्याच्या कापडाच्या तांत्रिक अटींत अवरक्त प्रकाशासाठीच्या मर्यादाही असतात.

इथे जाहिरातींची हवा काढायला हवी. ‘थर्मल कॅमेऱ्यालाही न दिसणारं’ असं म्हणून असे कपडे विकले जातात. थर्मल कॅमेरा ८ ते १४ मायक्रोमीटरची, म्हणजे साधारण दहा ते सोळापट लांब तरंगांची अंगातली उष्णता बघतो. तिथे या रंगांचं काही चालत नाही.

घरी मी बाळावर नजर ठेवायचा कॅमेरा स्वयंपाकघरात आणला, दिवे मालवले, आणि ओट्यावर फ्लेकटार्नची लष्करी खोळ आणि फॅशनच्या दुकानातली तशीच टोपी शेजारीशेजारी मांडली. पडद्यावर टोपी कणकेच्या गोळ्यासारखी एकरंगी दिसत होती. खोळीवरचे काळे ठिपके जागच्या जागी होते.

बाजारातली ती रेघांची खोळ विक्रेत्याने मला निम्म्या किमतीत दिली. मी पावडरीचं आणि दोऱ्याचं सगळं रसायनशास्त्र समजावलं, पण त्याचा टॉर्चवरच जास्त विश्वास होता.