चार-दोन-चार (४-२-४) व्यूहरचना

फुटबॉलमधील एक आक्रमक व्यूहरचना. गोलरक्षकापुढे चार बचावपटू, दोन मध्यरक्षक आणि चार आघाडीपटू. १९५० च्या दशकात ती आकाराला आली आणि १९५८ च्या विश्वचषकात ब्राझीलच्या विजेतेपदामुळे जगभर पोहोचली.

तिच्या उगमाविषयी मतभेद आहेत. हंगेरीत मार्टन बुकोवी यांनी एमटीके या क्लबच्या संघात मध्य आघाडीपटूला मागे खेचले. गुस्ताव सेबेश यांच्या राष्ट्रीय संघात ही भूमिका हिदेगकुती यांच्याकडे आली आणि मध्यरक्षक झकारियास बचावफळीत उतरू लागले. २५ नोव्हेंबर १९५३ रोजी वेम्ब्लीवर इंग्लंडला ६-३ असे हरवणारा हा संघ ४-२-४ च्या अगदी जवळ पोहोचला होता. हंगेरियन प्रशिक्षक बेला गुटमन यांनी १९५७ मध्ये साओ पावलो क्लबमार्फत ती ब्राझीलमध्ये रुजवली, असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार ब्राझीलचे प्रशिक्षक फ्लाव्हियो कोस्ता यांच्या ‘तिरक्या’ मांडणीपासून, म्हणजे साधारण १९४० च्या दशकापासून, ती ब्राझीलमध्येच घडत होती. हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. गुटमन यांनी तिला वेग दिला, एवढे म्हणता येईल.

तत्कालीन डब्ल्यू-एम मांडणीत (इंग्रजी W आणि M अक्षरांच्या आकाराची, तीन बचावपटूंची) बचावाच्या मध्यभागी एकच खेळाडू असे. ४-२-४ मुळे त्याच्यासमोर दोन आघाडीपटू आले, की मदतीला बाजूचा बचावपटू आत सरके आणि विंगर (कडेने खेळणारा आघाडीपटू) मोकळा सुटे. ब्राझीलच्या गारिंशासारखा विंगर असेल, तर ही मोकळीक प्राणघातक ठरे. शिवाय ४-२-४ मध्ये मागे चौघे असल्याने आक्रमणाची किंमत बचावाला मोजावी लागत नसे.

खरी उणीव मध्यभागी. तिथे दोघांनाच मैदानाची सगळी रुंदी राखावी लागते; प्रतिस्पर्ध्याने तिसरा मध्यरक्षक आणला की चेंडूचा ताबा निसटतो. १९५८ मध्ये ब्राझीलचे मध्यरक्षक झिटो व दिदी यांच्या मदतीला डावा विंगर झागालो सतत मागे येई, म्हणून ही उणीव झाकली गेली. १९६२ पर्यंत ब्राझीलची मांडणी उघडपणे ४-३-३ झाली होती. २०११ मध्ये इटलीतील युव्हेंटस क्लबमध्ये प्रशिक्षक अंतोनिओ काँते यांनीही ४-२-४ ने सुरुवात करून पुढे तीन मध्यरक्षकांची वाट धरली.

भारतात राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांचे नाव या रचनेशी जोडले जाते. ब्राझीलच्याही आधी त्यांनी ती वापरली, असे लिहिले जाते. पण हंगेरीचा नमुना १९५३ पासून सर्वांसमोर होता, तेव्हा ‘आधी’ हा शब्द जपूनच वापरावा. त्यांच्या संघाने १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. त्यात मूळच्या गोव्याच्या नेव्हिल डिसोझा यांचे तीन गोल होते. भारत त्या स्पर्धेत चौथा आला.