क्रँकला तेल हवं, पण किती?

पावसाळाभर पत्र्याखाली उभी राहिलेली जुनी कास्ट आयर्न बुलेट चतुर्थीला बाहेर काढली की किक जड लागते आणि सायलेन्सरातून निळा धूर निघतो. कारण साधं आहे. या इंजिनात तेलाचा कप्पा क्रँकच्या, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणाऱ्या दांड्याच्या, कप्प्यापासून वेगळा असतो. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की तेल पंपातून झिरपत क्रँककडे उतरतं आणि क्रँकची जड चाकं, म्हणजे फ्लायव्हील, त्यात बुडतात. इंजिन चाललं की पंप ते परत खेचून नेतो. म्हापशापासून मडगावपर्यंत जुन्या बुलेटवर हात बसलेल्या मेस्त्रींना हे नवं नाही. इंजिनाची ताकद वाढवण्याच्या इतिहासातलं एक मोठं प्रकरण मात्र याच गोष्टीभोवती फिरतं.

सुरुवातीला क्रँक तेलात बुडवणं हाच वंगणाचा उपाय होता. 1908 च्या फोर्ड मॉडेल टीमध्ये तेलाचा पंपच नव्हता. फ्लायव्हील तेल उडवायचं, पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडची टोकं तेलात बुचकळायची. इंजिन संथ होतं, म्हणून चाललं.

वेग वाढला आणि गणित बदललं. क्रँकच्या मध्यापासून 75 मिलिमीटरवर असलेलं काउंटरवेटचं (क्रँकचा तोल सांभाळणाऱ्या वजनाचं) टोक 6000 आरपीएमला ताशी सुमारे 170 किलोमीटरने फिरतं. त्या वेगात तेलाचे थेंब कापत जाणं म्हणजे ताकद वाया घालवणं. वेग दुप्पट झाला की हा खर्च साधारण आठपट होतो, शिवाय तेलात फेस होऊन बेअरिंगला हवा जाते.

1960 च्या दशकात अमेरिकन व्ही-8 इंजिनांत क्रँक आणि चेंबर (इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं) यांच्यामध्ये आडोसा म्हणून पत्र्याचा विंडेज ट्रे आला. क्रँकला चिकटून फिरणारं तेल खरवडून काढणारी स्क्रेपर पट्टी ट्यूनिंगवाल्यांनी लोकप्रिय केली. तिची फट इतकी बारीक ठेवावी लागते की क्रँक हाताने फिरवून प्रत्येक रॉड तपासल्याशिवाय चेंबर बंद करूच नये.

रेसिंगवाल्यांनी तेल चेंबरमध्ये ठेवणंच सोडलं. 1967 साली नेदरलँड्समधल्या झांडव्होर्टला पहिल्याच शर्यतीत जिंकलेलं कॉसवर्थ डीएफव्ही हे फॉर्म्युला वनचं इंजिन ड्राय संपचं होतं, म्हणजे त्याचं तेल वेगळ्या टाकीत असायचं. पुढे फॉर्म्युला वनमध्ये क्रँककेसचा प्रत्येक कप्पा वेगळा उपसून आत हवेचा दाबही उतरवला गेला. हवा विरळ, तेल कमी, क्रँक मोकळा.

बुलेटमध्ये दाब उतरवण्याचं तेच काम थोड्या प्रमाणात ब्रीदरची, म्हणजे क्रँककेसमधली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीची, रबरी झडप करते. पिस्टन खाली आला की हवा बाहेर जाते, वर जाताना परत आत येत नाही. म्हणून ताकद वाढवायला मोठा कार्ब्युरेटर घेण्याआधी ती झडप बघा. रबर कडक झालं असेल तर आधी ते बदला.