क्यूबाचे रुमाल कुणाकुणाकडे

क्यूबाच्या राजकीय-सामाजिक इतिहासावर हयात घालवलेल्या कुणी आपल्या कागदांचे रुमाल, म्हणजे बांधून ठेवलेले गठ्ठे, एखाद्या ग्रंथालयाला दिले, की जाणकार आधी शहराचे नाव विचारतात. क्यूबाची राजधानी हवाना, की क्यूबन निर्वासितांचे अमेरिकेतले मायामी? कागदांत काय आहे, हा प्रश्न नंतर येतो. या सवयीची मुळे फिदेल कास्त्रोंच्या १९५९ च्या क्रांतीपेक्षा बरीच जुनी आहेत.

१८३० च्या दशकात दोमिंगो देल मोन्ते या श्रीमंत साहित्यप्रेमी गृहस्थाच्या घरी लेखकांची बैठक भरत असे. त्याने हुआन फ्रान्सिस्को मान्सानो या गुलाम कवीला स्वतःची कहाणी लिहायला लावले. मान्सानोने १८३५ मध्ये ती लिहिली आणि पुढच्याच वर्षी बैठकीतल्या मंडळींनी वर्गणी काढून त्याला मालकाकडून सोडवले. तेव्हा स्पेनची वसाहत असलेल्या क्यूबात हे लिखाण छापणे शक्य नव्हते. १८४० मध्ये ते इंग्रजी भाषांतरात लंडनला छापले गेले. मूळ स्पॅनिश मजकूर हवानात प्रसिद्ध व्हायला १९३७ साल उजाडले. मधल्या जवळजवळ शंभर वर्षांत ही वही खासगी हातांतून फिरत राहिली. देल मोन्ते स्वतः परदेशी गेला तो परतला नाही, १८५३ मध्ये माद्रिदला वारला. त्याच्या संग्रहाचा एक भाग आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. क्यूबातले मोठे खासगी संग्रह पुढेही असेच फुटत गेले.

सरकारी दफ्तराची गोष्ट त्या मानाने रुक्ष आहे. १८४० च्या राजाज्ञेने हवानात दफ्तरखाना सुरू झाला तो वसाहतीच्या खजिन्याचे कागद ठेवण्यासाठी. गुलामाने काय भोगले ते तिथे शोधायचे तर खरेदी-विक्रीच्या आकड्यांमधून शोधावे लागते. १८८८-८९ मध्ये स्पेनने दोन हजारांहून अधिक रुमाल जहाजात घालून आपल्या सेव्हिल शहरात नेले. त्यांत फ्लोरिडा आणि लुइझियानाचा कारभारही होता, कारण तो एके काळी हवानातून हाकला जाई. म्हणजे अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्याचा इतिहास लिहिणाऱ्यालाही सेव्हिलची वारी चुकत नाही.

राष्ट्रीय ग्रंथालय १९०१ मध्ये, स्पेन गेल्यावर आलेल्या अमेरिकी लष्करी अंमलात निघाले. पहिले संचालक दोमिंगो फिगारोला-कानेदा यांनी घरची सुमारे ३,००० पुस्तके देऊन त्याची सुरुवात केली. १९३५ मध्ये हवाना शहराचे अधिकृत इतिहासकार झालेले एमिलिओ रोईग दे लोइशेनरिंग यांनीही हाच मार्ग धरला. १९३८ मध्ये त्यांच्या कार्यालयाने उघडलेले ग्रंथालय इतिहासकार मित्रांनी आपापली पुस्तके सर्वांसाठी खुली केल्यामुळेच उभे राहिले. क्यूबाचे स्वातंत्र्य ही अमेरिकेची देणगी नव्हे, हे रोईग आयुष्यभर मांडत राहिले. ते पटवायचे तर पुरावा हाताशी हवा, आणि पुरावा लोकांच्या कपाटांत होता.

१९५९ नंतर हीच कपाटे दोन दिशांना गेली. सिएरा मायेस्त्राच्या डोंगरात लढाई चालू असतानाच कास्त्रोंच्या सहकारी सेलिया सांचेझ गनिमांच्या चिठ्ठ्याचपाट्या जपून ठेवत होत्या. १९६४ मध्ये त्यांच्या पुढाकाराने त्या कागदांसाठी स्वतंत्र सरकारी कार्यालय झाले. तिकडे मायामीत रोझा अबेया, आना रोसा नून्येस यांच्यासारख्या क्यूबातून आलेल्या ग्रंथपाल विद्यापीठात बसून निर्वासितांचा छापील ऐवज गोळा करत होत्या. ‘पेरिओदिकितोस’ म्हणजे चिमुकली वर्तमानपत्रे. वाचून फेकून द्यायची, उपाहारगृहात फुकट मिळणारी. मला यांचे मोल मोठ्या पुढाऱ्यांच्या पत्रव्यवहाराइतकेच वाटते, कारण खोलीचे भाडे किती, नोकरी कुठे, कुणाचा भाऊ तुरुंगात आहे, हे कळायचे तर असलाच कागद कामी येतो.

त्याच विद्यापीठात पुढे लिदिया काब्रेरा यांची टिपणे आली. आफ्रिकी गुलामांच्या वंशजांकडून ऐकलेले देवधर्म, झाडपाला, म्हणी त्यांनी अनेक वर्षे टिपून घेतल्या होत्या. १९६० मध्ये देश सोडताना त्यांनी हा ठेवा सोबत नेला. पदच्युत हुकूमशहा बातिस्ता याचेही कागद तिथेच आहेत, हा योगायोग गमतीचा. क्रांतीच्या बाजूचेही सगळेच कागद हवानात राहिले नाहीत. बंडखोरांचे नभोवाणी केंद्र आणि वर्तमानपत्र चालवणारे कार्लोस फ्रान्की यांचे १९६८ मध्ये कास्त्रोंशी बिनसले. कास्त्रोंसोबतच्या एका प्रसिद्ध छायाचित्रातून त्यांचा चेहरा पुसून टाकण्यात आला. त्यांचा संग्रह अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात आहे.

सामाजिक इतिहासाच्या बाबतीत सगळ्यात चटका लावणारे प्रकरण ऑस्कर लुईस यांचे. दिल्लीजवळच्या एका खेड्याचा अभ्यास केलेले हे अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ. कास्त्रोंच्या होकाराने त्यांनी १९६९ मध्ये हवानातल्या सामान्य कुटुंबांच्या दीर्घ मुलाखती सुरू केल्या. १९७० च्या मध्यावर सरकारने काम थांबवले आणि हाती लागले ते कागद जप्त केले. त्याच डिसेंबरात लुईस हृदयविकाराने गेले. आधीच देशाबाहेर पोहोचलेल्या मजकुरावरून पत्नी रूथ आणि सहकारी सुझन रिग्डन यांनी तीन खंड पुरे केले.

अमेरिकेने क्यूबावर घातलेल्या व्यापारबंदीतून पुस्तके व तत्सम माहितीपर साहित्य १९८८ च्या कायदादुरुस्तीने वगळले, त्यामुळे छापील मजकुराची ये-जा सोपी झाली. मूळ कागद मात्र जिथे आहेत तिथेच जाऊन पाहावे लागतात. हवानातल्या अभ्यासकाला बातिस्ताचे दफ्तर चाळायचे तर अमेरिकी व्हिसा हवा. मायामीहून सेलियांच्या चिठ्ठ्यांसाठी जाणाऱ्याला क्यूबन सरकारचा होकार हवा. मान्सानोची वही हवानाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्याने लिहिलेला दुसरा भाग तेव्हाच गहाळ झाला.